दूरच्या युद्धाची बातमी आली की खरं काय धरायचं आणि घरात काय करायचं?

चौथा_मजला (धागाकर्ता)

युक्रेन झालं, गाझा झालं, तांबडा समुद्र झाला, इराण-इस्रायल झालं. दर वेळी सोसायटीच्या ग्रुपवर तेच. पहिल्या काही तासांत स्फोटांचे व्हिडिओ धडाधड येऊन पडतात. संध्याकाळी टीव्हीवर तिसरं महायुद्ध सुरू झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी टाकतं, 'तेलाचे डबे भरून ठेवा, पेट्रोल दीडशेच्या वर जाणार'. म्हातारी माणसं घाबरतात, किराणावाल्याकडे रांग लागते.

कोण बरोबर आणि कोण चूक यावर इथे तीन धागे आधीच पेटलेले आहेत, ते भांडण तिकडेच राहू द्या. मला व्यवहाराची उत्तरं हवी आहेत. साध्या फोनवर व्हिडिओ तपासायचा कसा? दोन्ही बाजू आकडे फेकतात, त्यातलं किती धरायचं? खाद्यतेल, पेट्रोल, गॅस यांवर खरोखर परिणाम होतो का, आणि झाला तर किती दिवसांनी? त्या देशात आपलं कोणी असेल तर इथे बसून काय करावं आणि काय करू नये?

---

नकाशेबाज

व्हिडिओचं मी सांगतो.

आधी व्हिडिओ थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट काढा. कुठले काढता याला महत्त्व आहे. आगीचा गोळा असलेली फ्रेम बिनकामाची, कारण आगीचे लोळ सगळीकडे सारखेच दिसतात आणि शोधयंत्राला धरायला काही मिळत नाही. दुकानाची पाटी, पूल, मिनार, चौकातलं वळण, इमारतीची वेगळी कड असं काही दिसेल ती फ्रेम घ्या. वर कोणी मोठ्या अक्षरांत मथळा चिकटवला असेल तर तो कापून टाका, नाहीतर शोध त्या मथळ्याचाच होतो. मग ते चित्र गूगल लेन्समध्ये टाकून शोधा. तिथे काही लागलं नाही तर यांडेक्स हे रशियन शोधयंत्र, पूर्व युरोपातले रस्ते-इमारती त्याला जास्त ओळखू येतात. टिनआय ही चित्र शोधायची साइट वेगळ्या कामाची: त्यात 'सर्वांत जुनं आधी' असा क्रम लावता येतो. युद्धाच्या आधीची तारीख निघाली की विषय संपला.

काहीच सापडलं नाही तर चित्र डावं-उजवं उलटं करून पुन्हा टाका. जुना माल नवा म्हणून विकणारे ही चलाखी करतात. पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात, स्टीअरिंग भलत्या बाजूला गेलेलं असतं.

दोन स्फोट तोंडओळखीचे करून ठेवा. तियानजिन, चीन, १२ ऑगस्ट २०१५, रात्रीचा, एकामागून एक वाढत जाणारा भडका. आणि बैरुत बंदर, ४ ऑगस्ट २०२०, संध्याकाळचा, लालसर धुराचा खांब, त्याभोवती क्षणात फुगणारा पांढरा घुमट आणि शेजारी धान्याच्या कोठारांची उंच पांढरी रांग. जगात कुठेही युद्ध सुरू झालं की हे दोघे हजर असतात.

आवाज ऐका. भडका लगेच दिसतो, आवाज मात्र सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद. क्षितिजावर उजेड झाला आणि त्याच क्षणी 'धडाम' ऐकू आलं तर आवाज मागाहून चिकटवलेला आहे. आवाज खरा असेल तर भडक्यापासून सेकंद मोजा, तीनने भागा. तेवढे किलोमीटर. व्हिडिओ कुठून काढला ते माहीत असेल तर नकाशावर तेवढ्या अंतराचं वर्तुळ मारून सांगितलेली जागा त्यात बसते का ते बघता येतं.

घड्याळ: युक्रेन आणि इस्रायल हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच तास. इराण वर्षभर दोन तास मागे. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असताना 'आत्ताचं लाइव्ह' म्हणून तेहरानची लख्ख दुपार आली, तर ती आजची तरी दुपार आहे का, हा प्रश्न आहे. झाडंही बघा. फेब्रुवारीत किइव्हमधली झाडं निष्पर्ण असतात, हिरवीगार दिसली तर गडबड आहे.

पाट्या वाचता आल्या नाहीत तरी ओळखता येतात. रशियनसारख्या लिपीत डोक्यावर दोन टिंबं असलेली उभी काडी दिसली तर युक्रेनियन. रशियनमध्ये ते अक्षर नाही. (उलट बाजूने धरू नका. पूर्व युक्रेनमध्ये रशियन पाट्याही भरपूर होत्या.) फारसीत 'पे' आणि 'चे' या अक्षरांखाली तीन नुक्ते येतात, अरबीत ती अक्षरं नाहीत. उर्दूत मात्र आहेत, त्यामुळे कराचीचा व्हिडिओ तेहरानचा म्हणून खपतो.

एवढं करूनही जागा लागली आणि वेळ लागली नाही, तर नासाचा फर्म्स नकाशा उघडा. उपग्रहाला दिसलेली उष्णता त्यावर ठिपक्यांनी येते, साधारण तीन तासांत. ठिपका ३७५ मीटरच्या चौकटीचा असतो, म्हणजे कुठली इमारत ते कळत नाही, कुठला परिसर ते कळतं.

---

जॉयस्टिक

नकाशेबाज, गेमचं राहिलं.

आर्मा ३ हा युद्धाचा गेम. त्यातली दृश्यं इतक्या वेळा खरी म्हणून फिरली की बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वतःच ओळखायच्या खुणा जाहीर केल्या. मुद्दाम अंधुक ठेवलेलं रिझोल्यूशन, हलता कॅमेरा, बहुतेक वेळा रात्र, आवाज नाहीच, आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे माणसं हालचाल करताना दिसत नाहीत. वाहनं आणि इमारती हुबेहूब जमतात, पळणारा माणूस जमत नाही. धूर आणि धुळीकडेही बघा, गेममध्ये त्यांचे तुकडे सुटे-सुटे दिसतात.

२०२२ च्या युक्रेन युद्धात पहिल्याच दिवशी गाजलेला, रशियाची विमानं पाडणारा 'किइव्हचा भूत वैमानिक' असाच. विमान पाडल्याचा तो व्हिडिओ डीसीएस वर्ल्ड या गेममधला होता. ३० एप्रिल २०२२ ला युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं की ती दंतकथा आहे. तोवर दोन महिने लोकांनी त्याची विमानं मोजली!

एआयचे व्हिडिओ ही पुढची पायरी. मे २०२५ मध्ये गूगलचं व्हेओ ३ आलं, त्यात आवाजही आपोआप तयार होतो. पुढच्याच महिन्यात इराण-इस्रायल युद्धात उद्ध्वस्त तेल अवीवचे बनावट व्हिडिओ फिरले. तेव्हा त्याची क्लिप जास्तीत जास्त आठ सेकंदांची असे, म्हणून मोठ्या व्हिडिओत दर सात-आठ सेकंदांनी दृश्य बदलतंय का ते पाहायचं. पाट्यांवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली नसतात, मागून जाणारा माणूस खांबाआड जातो आणि परत येत नाही.

महत्त्वाचं: एआयचा व्हिडिओ लेन्सवर सापडणार नाही, कारण त्याचं जुनं मूळ नसतंच. 'शोधून काही मिळालं नाही, म्हणजे नवा आणि खरा' हे गणित आता चालत नाही. मोठ्या शहरात खरोखर इमारत पडली तर तासाभरात तीन वेगवेगळ्या गच्च्यांवरून व्हिडिओ येतात. एकच कोन, एकच क्लिप असेल तर थांबा.

---

डेस्कवरचा

आकडे आणि दावे. बातमी वाचताना मथळ्यातलं क्रियापद सोडा आणि 'कोण म्हणालं' तेवढं शोधा. ते नसेल तर ती बातमीच नव्हे.

नमुना म्हणून १५ नोव्हेंबर २०२२ ची संध्याकाळ घ्या. पोलंडमधल्या प्शेवोदुव गावात क्षेपणास्त्र पडून दोन जण मेले. असोसिएटेड प्रेसने एका अमेरिकी अधिकाऱ्याचं नाव न देता हवाला देऊन रशियन क्षेपणास्त्रं पोलंडमध्ये शिरल्याची फ्लॅश दिली. पोलंड नाटोत आहे, त्यामुळे आपल्या वाहिन्यांनी रात्रीतून महायुद्ध लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी पोलंडचे राष्ट्राध्यक्ष आणि नाटोचे सरचिटणीस स्टोल्टेनबर्ग दोघांनीही सांगितलं की ते बहुधा युक्रेनच्या हवाई संरक्षणाचं, रशियाचं क्षेपणास्त्र पाडायला सोडलेलं अस्त्र होतं. एपीने बातमी मागे घेतली. पहिल्या रात्रीची बातमी वाचणारे सगळे होते, दुसऱ्या दिवशीचा खुलासा वाचणारे किती? स्रोत एकच आणि तोही निनावी असेल तर बारा तास जाऊ द्या.

जे दोन्ही बाजू मान्य करतात ते पक्कं धरायचं. १४ एप्रिल २०२२ ला मोस्कवा ही रशियन युद्धनौका बुडाली. युक्रेन म्हणालं आम्ही नेपच्यून क्षेपणास्त्रांनी बुडवली, रशिया म्हणाला आग लागली, दारूगोळा पेटला आणि ओढून नेताना वादळात गेली. कारणावर वाद, पण नौका गेली यावर नाही. पहिल्या दिवशी तेवढंच धरायचं होतं.

आपल्या बाजूचे मेलेले कमी आणि समोरचे जास्त सांगणं हे सगळेच करतात. वीरकथांचंही तसंच. काळ्या समुद्रातल्या स्नेक आयलंडवरचे १३ युक्रेनी सैनिक शहीद झाले म्हणून २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं. काही दिवसांतच युक्रेनच्याच नौदलाने सांगितलं की ते जिवंत आहेत, पकडले गेलेत.

आकडा दिसला की दोन गोष्टी बघा. तो मृतांचा आहे की मृत आणि जखमी मिळून? हे आपल्याकडे सर्रास गाळलं जातं, आणि जखमी सहसा मृतांच्या कितीतरी पट असतात. दुसरं, तो मोजलेला आहे की अंदाज? ओरिक्स या साइटवाले फोटो असलेला रणगाडाच मोजायचे, त्यामुळे त्यांचा आकडा 'किमान एवढे'. मीडियाझोना ही रशियन बातम्यांची साइट आणि बीबीसीची रशियन सेवा मृत रशियन सैनिकांची नावं श्रद्धांजल्या, कबरी, स्थानिक बातम्यांमधून जुळवतात. तोही किमान आकडा. संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय पडताळलेल्या नागरिकांचे मृत्यू देतं आणि खरी संख्या जास्त असल्याचं स्वतःच सांगतं. हे आकडे सरकारी दाव्यांपेक्षा लहान दिसतात म्हणून त्यांना खोटं ठरवणारे लोक ग्रुपवर भेटतील.

शहर पडल्याच्या बातमीला आणखी वेळ द्या. पूर्व युक्रेनमधल्या बाखमुतमध्ये वॅग्नर या रशियाच्या भाडोत्री फौजेने एप्रिल २०२३ च्या सुरुवातीलाच झेंडा दाखवून शहर घेतल्याचं सांगितलं होतं. पूर्ण शहर घेतल्याचा दावा आला २० मेला. मधले सात आठवडे लढाई चालूच होती.

अजून एक, बातमीच्या सुरुवातीचं गाव वाचा. तेहरानची बातमी आणि वर 'दुबई' असेल तर वार्ताहर तिथे नाही, तो फोनवरून आणि सरकारी माध्यमांवरून लिहितोय. त्यात काही वाईट नाही, पण 'आमच्या डोळ्यांदेखत' असा अर्थ काढू नका.

---

मार्केटयार्ड

तेलाचं. खाद्यतेलाचं.

युक्रेन युद्धाआधी भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलातलं सुमारे ७० टक्के युक्रेनमधून आणि २० टक्के रशियातून येत होतं. म्हणजे २४ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालेल्या युद्धाचा फटका खरा होता. पण माल आणि भाव यांचं घड्याळ वेगळं चालतं. काळ्या समुद्रातून निघालेलं जहाज कांडला किंवा न्हावा शेव्याला लागून, तेल रिफाईन होऊन, पाऊच भरून दुकानात यायला दीड-दोन महिने जातात. युद्ध सुरू झालं त्या दिवशी दुकानातला माल आधीचाच असतो. तरी भाव त्याच आठवड्यात चढतो, कारण व्यापारी आजचा डबा विकताना उद्याचा डबा कितीला मिळेल ते बघतो. याला लोक साठेबाजी म्हणतात. कधी ती असतेही, पण दर वेळी नाही.

त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये भाव आणखी तापले त्याला कारण युक्रेन नव्हतं. २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, २३ मेला उठवली. पाम महागलं की सोयाबीन, सूर्यफूल, शेंगदाणा सगळेच त्याच्यामागे जातात. जुलैत इस्तंबूलला धान्य कराराच्या सह्या झाल्या आणि युक्रेनची बंदरं उघडली. रशिया पुढच्या वर्षी, १७ जुलै २०२३ ला त्या करारातून बाहेर पडला. तेव्हा पुन्हा 'डबे भरा' सुरू झालं. २०२२ सारखा भडका काही उडाला नाही, कारण माल इतर वाटांनी यायला लागला होता.

आणि सप्टेंबर २०२४ मध्ये डबा महागला तो आपल्या सरकारने आयात शुल्क वाढवल्यामुळे. कच्च्या, म्हणजे रिफाईन न केलेल्या, खाद्यतेलावरचं एकूण शुल्क २७.५ टक्के झालं. मे २०२५ च्या शेवटी मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, एकूण १६.५. ग्रुपवर तेव्हाही लोक युद्धाच्या नावाने खडे फोडत होते. भाव वाढला की आधी शुल्काची अधिसूचना बघा, नंतर नकाशा.

आता डबे भरण्याचा हिशेब. डब्यावर १५ किलो आहे की १५ लिटर ते वाचा. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर बसतं, १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलोच. गडबडीच्या दिवसांत हा फरक दाबून भाव सांगितला जातो, म्हणून किलोचा भाव काढून तुलना करा. महिन्याला तीन लिटर लागणाऱ्या घरात १५ किलोचा एक डबा साडेपाच महिने जातो. तीन डबे घेतले तर साडेसोळा महिने. आणि सूर्यफूल तेल लवकर खवट होणाऱ्यांपैकी आहे. हवा, उजेड, उष्णता तिन्ही त्याला बाधतात. फोडलेला डबा गॅसच्या ओट्याखाली ठेवला तर आणखी लवकर. तळणीला फेस यायला लागला, रंगाचा किंवा जुन्या अक्रोडासारखा वास आला की गेला. खरोखर भीती वाटत असेल तर नेहमीपेक्षा एक महिन्याचं जास्त घ्या, तेही एक-एक लिटरच्या बंद पाऊचमध्ये, आणि जुनं आधी संपवा.

---

चौथा_मजला

मार्केटयार्ड, किलो-लिटरचं लगेच ग्रुपवर टाकतो. पेट्रोल-गॅसचं कोणी सांगेल का? होर्मुझ सामुद्रधुनी, म्हणजे इराणजवळची आखातातून बाहेर पडायची समुद्रवाट, बंद झाली तर पंप कोरडे पडणार, असं दर वेळी येतं.

---

टँकर

पेट्रोलचा पंपावरचा दर आणि कच्च्या तेलाचा दर यांची गाठ आपल्याकडे सैल आहे. ७ मार्च २०२२ ला ब्रेंट, म्हणजे जगात प्रमाण धरलं जाणारं कच्चं तेल, पिंपाला १३९ डॉलरपर्यंत जाऊन आलं. त्या दिवशी पंपावर काहीच हललं नाही, कारण नोव्हेंबर २०२१ पासून दर गोठलेले होते आणि उत्तर प्रदेशच्या निवडणुका चालू होत्या. २२ मार्चपासून मग रोज थोडं-थोडं करत ६ एप्रिलपर्यंत लिटरला १० रुपये वाढले, मुंबईत १२०.५१ झालं. मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ८ रुपयांनी उतरवलं, जुलैत राज्याने व्हॅट ५ रुपयांनी, आणि मुंबईतला दर १०६.३१ वर आला. यातली एकही तारीख रणांगणावरची नाही. जून २०२५ च्या इराण-इस्रायल युद्धात तर ब्रेंट काही दिवसांत ७० च्या खालून ८० च्या आसपास जाऊन युद्धबंदीबरोबर परत खाली आलं आणि पंपावरचा दर जागचा हलला नाही. टाकी भरायला रात्री अकराला रांग लावून चाळीस लिटरवर फार तर दोन-पाचशे वाचतील, तेही दर वाढले तर. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल घरात आणून ठेवणारे मात्र सोसायटीला युद्धापेक्षा मोठा धोका आहेत.

कच्च्या तेलाचा आपत्कालीन साठा विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखालच्या गुहांमध्ये आहे, क्षमता ५३ लाख टनांच्या पुढे. शिवाय कंपन्यांच्या टाक्या वेगळ्या.

होर्मुझची खरी काळजी करायची तर ती स्वयंपाकाच्या गॅसची करा. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो, आणि त्यातला बहुतांश आखातातून त्याच वाटेने येतो. कच्चं तेल रशिया, अमेरिका, आफ्रिका कुठूनही वळवता येतं. गॅस वळवायला खास टँकर लागतात आणि साठवायची जागाही कमी आहे. त्यामुळे दोन सिलिंडरचं कनेक्शन असेल तर एक संपल्याबरोबर नंबर लावायचा, रिकामा महिनाभर कोपऱ्यात ठेवायचा नाही. तिसरा सिलिंडर काळ्या बाजारातून आणू नका, त्याच्या वॉशरची आणि वजनाची हमी कोण देणार?

अवांतर: २४ फेब्रुवारी २०२२ ला सेन्सेक्स २,७०२ अंकांनी पडला. दुसऱ्याच दिवशी १,३०० च्या वर चढला. एसआयपी बंद करणाऱ्यांसाठी एवढंच.

---

निफाडची_बाग

शहरवाल्यांची चर्चा डबा आणि टाकीपाशीच थांबली, म्हणून शेतातलं सांगतो.

१९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात गॅलक्सी लीडर जहाज पळवलं आणि डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. आमच्या द्राक्षाचा युरोपचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला लागणाऱ्या दिवसांत दहा ते चौदा दिवसांची भर पडली, भाडंही वाढलं. द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत जातं. पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद असतो, आम्ही त्याला ग्रेप गार्ड म्हणतो. तो आधी पटकन आणि नंतर हळूहळू वायू सोडतो. प्रवास लांबला की हळू सुटणारा भाग संपत येतो आणि बुरशीला वाट मिळते. मध्येच थंडावा तुटून पेटीत पाणी सुटलं तर उलटं होतं, वायू एकदम सुटतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. दोन्हींतून वाचला तरी देठ तपकिरी होतो, आणि तिकडचा खरेदीदार पहिल्यांदा देठच बघतो. म्हणून अशा हंगामात प्री-कूलिंग, म्हणजे पाठवण्याआधी माल थंड करणं, अर्धवट आटोपायचं नाही, पावसात भिजलेला किंवा मऊ पडायला लागलेला घड युरोपच्या पेटीत भरायचाच नाही. तो माल मग देशातल्या बाजारात येतो. मार्चमध्ये हातगाडीवर निर्यातीच्या प्रतीचं द्राक्ष स्वस्त दिसलं तर त्यामागे येमेन असू शकतो.

खताचं: युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांचीच राहते, डीएपीची ५० किलोची १,३५०. दर सरकार धरून ठेवतं, त्यामुळे युद्धाचा परिणाम किमतीत दिसत नाही, टंचाईत दिसतो. मग 'लिंकिंग' सुरू होतं: युरिया हवा तर हे विद्राव्य खत नाहीतर ही बाटली घ्याच. हे बेकायदा आहे. दुकानातल्या पॉस (विक्रीनोंदीच्या) मशीनची पावती मागा, गोणीवरची छापील किंमत आणि पावती यांचा फोटो काढा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या. तोंडी तक्रारीचं काही होत नाही.

डीएपी मिळालंच नाही तर अडून बसू नका. एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि युरियाची अर्धी गोणी घेतली की तेवढंच पडतं, वर गंधक फुकट. सोयाबीनला तर ते बरंच. फक्त गोण्या तिप्पट उचलाव्या लागतात, मजुरी धरा.

---

अश्दोदकर

सगळ्यांना नमस्कार, शालोम. चौथ्या प्रश्नाचं उत्तर इथून, इस्रायलमधून, देतो. अश्दोद, लोद, रामला, बेर शेवा, दिमोना या गावांत कोकणातून आलेली बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळी बरीच आहेत, घरात मराठी अजून चालते. त्यामुळे अलिबाग-ठाण्याहून येणाऱ्या फोनचं प्रमाण तुम्ही समजू शकता.

भारतात बसून सायरनचा नकाशा बघणाऱ्यांनी आधी हे ध्यानात घ्यावं: लाल झालेला भाग म्हणजे तिथे स्फोट झाला असं नाही. क्षेपणास्त्राचा मार्ग आणि पाडल्यावर तुकडे पडण्याची शक्यता धरून सायरन वाजतो, त्यामुळे एका क्षेपणास्त्रासाठी अर्धा देश लाल होऊ शकतो. युक्रेनमध्ये तर मिग-३१के विमानाने नुसतं उड्डाण केलं तरी सगळ्या देशात इशारा होतो, कारण त्यावरचं किंझाल क्षेपणास्त्र कुठेही पोचू शकतं. विमान काही न सोडता परत जातं, इशारा उठतो.

गाझाकडून रॉकेट आलं तर स्देरोतला १५ सेकंद मिळतात, अश्दोदला ४५, तेल अवीवला ९०. इराणहून येणाऱ्या क्षेपणास्त्राला बारा-एक मिनिटं लागतात, म्हणून जून २०२५ मध्ये फोनवर आधी सूचना यायची आणि सायरन नंतर. १९९१ च्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या घरांत 'ममाद' नावाची एक खोली असते: जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी झडप, जड दार. आत गेल्यावर फोनची रेंज नावापुरती राहते. तुम्ही त्या दहा मिनिटांत पाच वेळा फोन केलात आणि लागला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

त्यामुळे फोन नको, एक संदेश पाठवा: 'जमेल तेव्हा फक्त ठीक लिही.' घरातल्या एकाच माणसाने संपर्क ठेवायचा आणि बाकीच्यांना कळवायचं. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचा स्पष्ट फोटो त्याच्याकडे आधीच असू द्या. तिकडच्या माणसाने भारतीय दूतावासाचा नोंदणी अर्ज भरला आहे का ते विचारा. बाहेर काढायची वेळ येते तेव्हा याद्या त्यातूनच बनतात. विमानतळ बंद असला तरी वाट संपत नाही. जून २०२५ मध्ये भारतीयांना परत आणणाऱ्या ऑपरेशन सिंधूच्या वेळी इथले लोक जमिनीवरून जॉर्डन आणि इजिप्तला जाऊन तिथून उडाले. २०२२ मध्ये युक्रेनमधली मुलं रोमानिया, पोलंड, हंगेरीत उतरून आली, पहिलं विमान २६ फेब्रुवारीला बुखारेस्टहून मुंबईला आलं. सीमेकडे निघायच्या आधी मात्र दूतावासाची त्या दिवशीची सूचना वाचायलाच हवी, कारण कुठली चौकी उघडी ते तासातासाला बदलतं.

एक विनंती. 'कुठे पडलं, व्हिडिओ पाठव' असं विचारू नका. क्षेपणास्त्र पडल्याची नेमकी जागा प्रसिद्ध करायला इथे लष्करी सेन्सॉरची बंदी असते, कारण त्यावरून पुढचा नेम सुधारता येतो. नातेवाईक व्हिडिओ पाठवत नाही म्हणजे काहीतरी लपवतोय असा संशय नको.

---

चौथा_मजला

अश्दोदकर, मनापासून आभार, हे सगळं आईला वाचून दाखवतो. नकाशेबाज, तुम्ही सांगितलेला फर्म्स उघडला. इराणच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि इराकच्या सीमेलगत लाल ठिपक्यांची रांगच आहे. एवढे हल्ले कुठल्याच बातमीत नाहीत. कसं समजायचं?

---

नकाशेबाज

ते हल्ले नाहीत. किनाऱ्यावर असालुयेह, तिथे साउथ पार्स या समुद्रातल्या साठ्याचा गॅस येतो. सीमेलगत अहवाझच्या भोवतीच्या तेलविहिरी. जादा वायू जाळणाऱ्या चिमण्या तिथे बाराही महिने पेटलेल्या असतात.

ओळखायचं असं: तारीख महिनाभर मागे न्या, युद्ध नसलेला एखादा आठवडा निवडा आणि त्याच जागेचा स्क्रीनशॉट घ्या. मग आजचा घ्या. दोन्हींत असलेले ठिपके चिमण्यांचे, फक्त आजच्यात असलेले विचारात घ्यायचे. यात एक गोम आहे, जून २०२५ मध्ये असालुयेहच्याच प्रकल्पावर हल्ला झाला होता. अशा वेळी ठिपका आहे-नाही यावर भागत नाही. त्यावर बोट ठेवलं की उष्णतेचा आकडा मेगावॉटमध्ये येतो, तो रोजच्यापेक्षा किती पट आहे ते बघायचं.

ठिपका नसेल तर हल्ला झालाच नाही, असंही नाही. हे उपग्रह एका जागेवरून स्थानिक वेळेनुसार साधारण रात्री दीड आणि दुपारी दीडच्या सुमाराला जातात. संध्याकाळी पाचला लागून सातला विझलेली आग त्यांना दिसत नाही, आणि ढग असले तर मोठी आगही दिसत नाही. युक्रेनवर जुलै-ऑगस्टमध्ये बघाल तर गव्हाचं रान जाळल्याचे ठिपके हजारोंनी येतात, तेव्हा आघाडीच्या रेषेपासून लांबचे सोडून द्या.

मागची तारीख वरच्या पट्टीतल्या 'हिस्टॉरिकल' या बटणात टाकायची. फोनवर ते बटण दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट चालू करा.